पाढ्यांवर मोजलेलं पाणी

“गाळलं म्हंजी पाणी चांगलं झालं, आसं कुणी सांगितलं तुम्हास्नी?”

कुणाच्याही घरी पाण्याचा तांब्या पुढं आला की चाचा हे विचारायचे. मग पेला उजेडाकडं धरून एक डोळा मिटायचे. घरची बाई बिचारी ओशाळून आपल्या माठाकडं बघायला लागायची. पाणी प्यायचे नाहीत असं नाही, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे. पण आधी त्याची झडती घ्यायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला घरी बोलवावंसंही वाटतं आणि बोलवल्यावर धास्तीही वाटते.

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळत होते. शिरूर आणि दौंडच्या मधलं ते गाव. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गावाच्या वरच्या अंगाला पुठ्ठ्याचा एक खाजगी कारखाना होता. उसाचं चिपाड आणि भुसा मोठ्या टाक्यांत शिजवून त्याचा पुठ्ठा करायचे. शिजवलेलं पाणी कुठं जायचं, हे गावाला माहीत होतं आणि गाव ते बोलत नव्हतं, कारण घरटी एक माणूस तिथं कामाला होता.

चाचाही होते. शिरूरला बारावी सायन्स केलेले, कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस. रोज सकाळी कारखान्यातून ओढ्यात जाणाऱ्या नाल्यातलं पाणी भरायचं, तपासायचं आणि आकडा वहीत लिहायचा, एवढंच त्यांचं काम. आकडा वाईट यायचा आणि ते वाईटच लिहायचे. मॅनेजरनं दोन-तीनदा समजावून सांगितलं, की थोडा कमी लिहीत जा. चाचांनी लिहिला नाही.

मग एका उन्हाळ्यात ओढा आटत आला, आणि खालच्या वस्तीवरच्या सात म्हशी ते पाणी पिऊन मेल्या. लोक काठ्या घेऊन कारखान्यावर गेले. दुसऱ्या दिवशी कारखान्यानं एक कागद काढला आणि आमच्या सरपंच आप्पांनी तो ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून वाचला. प्रयोगशाळेतल्या माणसाच्या हलगर्जीपणामुळं औषध ओढ्यात सांडलं, त्याला कामावरून काढून टाकण्यात आलं आहे. चाचांचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं खणखणीत वाचलं. आप्पांच्या ट्रॅक्टरनं कारखान्याला भुसा जायचा, हे तुम्हाला सांगायला हवंच असं नाही.

तेव्हापासून चाचांनी सायकलीचं दुकान टाकलं. लोक पंक्चर काढून न्यायचे, पण बाकड्यावर टेकायचे नाहीत. लग्नाचं आवतण यायचं बंद झालं. म्हशी ज्यांच्या मेल्या, त्यातल्या एकानं भर रस्त्यात त्यांच्यावर पायतण उगारलं होतं. तो माणूस पुढं रोज त्यांच्या दुकानावरून जायचा आणि चाचा रोज त्याच्याकडं टक लावून बघायचे. नमस्कार नाही, शिवी नाही. तीन वर्षं नुसतं बघत राहिले. शेवटी त्या माणसानं रस्ता बदलला, लांबच्या बांधावरून जायला लागला. हे चाचांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा फार प्रसन्न होता.

माझी त्यांची ओळख झाली ती पाण्याच्या धड्यामुळं. पाण्यात काही पदार्थ विरघळतात, असं पुस्तकात होतं. एका मुलीनं हात वर करून विचारलं, “बाई, विरघळलं ते दिसत नाही, मग हाय का न्हाई ते कसं कळतं?” मला उत्तर येत नव्हतं. मागून दोघं-चौघं ओरडले, “चाचांना इचारा की!” मी विचारायला गेले. चाचांनी हातातली ट्यूब खाली ठेवली, दुकान बंद केलं आणि माझ्याबरोबर शाळेत आले. पुन्हा कुणीतरी आपल्याला पाण्याबद्दल विचारलंय, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

त्यांनी एका पेल्यात गुळाचा खडा टाकला, ढवळला आणि ते पाणी खांद्यावरच्या धुतलेल्या फडक्यातून गाळलं.

“फडक्यात गूळ घावला का?”

“न्हाई!”

“मग गेला कुठं?”

एका मुलानं बोट बुडवून चाटलं आणि सांगितलं, “पाण्यातच हाय.”

“बघा. पालापाचोळा, शेण, भुसा, चिपाड, जे कवा तरी जिवंत हुतं, ते पाण्यात कुजलं की त्याचा बी आसाच गूळ हुतो. फडक्यातनं सरळ पार जातो. फकस्त ग्वाड लागत न्हाई.”

मग त्यांनी खिशातून एक पुडी काढली. शिरूरच्या औषधाच्या दुकानातून आणलेले जांभळे खडे, पूर्वी विहिरीत टाकायचे तेच. चिमूटभर खडे पाण्यात टाकले की पाणी झक्क गुलाबी व्हायचं. सारख्या मापाच्या काचेच्या बाटल्यांत वेगवेगळं पाणी, प्रत्येकात त्या गुलाबी पाण्याचे मोजून तेवढेच थेंब, आणि बाटल्या गरम पाण्याच्या परातीत उभ्या. शिवाय प्रत्येकात एक थेंब बॅटरीतलं तेजाबाचं पाणी. ते मात्र स्वतःच्या हातानं टाकायचे आणि मुलांना दोन हात लांब उभं करायचे.

“लग्नाची पंगत बघितली का? ह्यो गुलाबी रंग म्हंजी वाढलेलं ताट. आन् पाण्यात विरघळलेली घाण म्हंजी जेवणारी तोंडं. तोंडं काय आपल्याला दिसत न्हाईत. मग किती आली ती कशी मोजायची?”

एका मुलानं बोटं मोजायला घेतली.

“ताट किती लौकर रिकामं झालं त्यावरनं! तोंडं जास्त, तर रंग लौकर संपतो. तोंडं थोडी, तर रंग टिकतो. किती आली ते कळतं. कोण आली ते मातर ह्याच्यावरनं कळत न्हाई, त्याला पुण्याची मोठी मशीन लागते.”

शाळेत घड्याळ नव्हतं. माझं मनगटी घड्याळ मधेच बंद पडायचं. मग चाचांनीच तोड काढली: पाढे म्हणायचे. दोनापासून सुरू, एका लयीत, घाई नाही, रेंगाळणं नाही. ज्या पाढ्याला रंग उडेल, तो त्या पाण्याचा पाढा. शाळेच्या बोअरचं पाणी तीसचा पाढा संपला तरी गुलाबीच होतं. देवळाजवळच्या विहिरीचं सव्विसावर गेलं. कारखान्याच्या खालचं ओढ्याचं पाणी त्या दिवशी नवावर पिवळं पडलं. आठवडाभरात गावात नवीनच भाषा सुरू झाली. बायका पाणवठ्यावर विचारायला लागल्या, “तुमच्या हिरीचं कितव्या पाढ्याचं गं?” आणि माझ्या वर्गातल्या ढ पोरांनासुद्धा तीसपर्यंत पाढे पाठ झाले.

आता चाचांच्या मनात काय होतं ते सांगते. त्यांनी ते पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, लपवलं नाही.

“मॅनेजरला आत टाका आसं म्या म्हणत न्हाई, बाई. मॅनेजर गेला चुलीत. पर ज्या तोंडानं, ज्या भोंग्यावरनं माझं नाव वाचलं, त्याच तोंडानं, त्याच भोंग्यावरनं ते परत घ्यायचं. त्याबिगर म्या मरत न्हाई.”

मला हे फार आवडलं. मी काही क्षमाशील बाई नाही. माझं स्वतःचंही मॅनेजरशी वाजलं होतं. ‘काढून टाकलेल्या माणसाला शाळेत घेता’ म्हणून त्यानं तालुक्याला माझी तक्रार केली होती आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला होता. तो खुलासा लिहिताना मी जो दात धरला, तो सोडला नव्हता.

पंधरा ऑगस्टला कारखान्यातर्फे शाळेत वह्यावाटप होतं. मॅनेजर प्रमुख पाहुणा. मी ठरवून टाकलं, की त्याच्याच डोळ्यांदेखत मुलांकडून पाण्याचा प्रयोग करून घ्यायचा. पत्रिकेत ‘विज्ञान प्रात्यक्षिक’ एवढंच छापलं. आप्पांना संशय आला, पण पाहुणे दारात असताना त्यांना काही बोलता येईना.

सकाळी मी बाटल्या मांडत होते. मुलांनी घरून आणलेल्या, मीच धुतलेल्या. ओढ्याच्या पाण्याची बाटली उचलली तेव्हा तिच्या बुडाला तांबूस, चिकट कडं दिसलं. खोकल्याचं औषध. माझ्याकडून ती नीट धुतली गेली नव्हती. एवढ्यात मॅनेजरची जीप शाळेच्या आवारात शिरली. मी त्या बाटलीकडं पाहिलं, जीपकडं पाहिलं, आणि बाटली तशीच जागेवर ठेवली. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

कार्यक्रम झकास झाला. मुलं पाढे म्हणायला लागली, पालकही त्यांच्या सुरात सूर मिसळायला लागले. आणि ‘बे दाहे वीस’ म्हणेपर्यंत ओढ्याच्या बाटलीतला रंग साफ उडाला! दोनावर! आजवर इतकं वाईट पाणी कधीच निघालं नव्हतं. मागून कुणीतरी शिटी मारली. खालच्या वस्तीचे लोक उठून उभे राहिले. मॅनेजर रुमालानं मान पुसायला लागला, आणि मला जे काही वाटत होतं त्याला आनंद म्हणायला माझी हरकत नाही.

तेव्हा चाचा परातीपाशी वाकले. बाटली उचलली, झाकण नाकाशी धरलं. माझ्याकडं एकदा बघितलं.

“थांबा,” ते म्हणाले. “ह्यो निकाल खरा न्हाई. ह्या बाटलीत आधी औषध हुतं. गोड औषध. रंग त्यानं खाल्ला.”

उभे राहिलेले लोक परातीकडं सरकले.

“सकाळी म्या सोता पाणी तपासलं हुतं,” चाचा पुढं म्हणाले. “पाहुणे येणार म्हणून आज कारखान्यानं घाण सोडलीच न्हाई. आजचं पाणी बाविसाचं हाय.”

मॅनेजरच्या जिवात जीव आला. “बोतल किसने धोई थी?” त्यानं विचारलं.

मी तोंड उघडायला हवं होतं. मी बघत राहिले.

“म्या धुतली,” चाचा म्हणाले.

मॅनेजर हसला. आप्पांकडं वळून म्हणाला, “देखा सरपंच? आदमी वही, गलती वही.” आणि लोकही हसले. तीन वर्षांत जे थोडं विसरलं गेलं होतं, ते दोन मिनिटांत ताजं झालं.

संध्याकाळी मी दुकानावर गेले ती भांडायलाच. शरमेनं माणूस जास्त चिडतो, तसं माझं झालं होतं. “हातात आलेला माणूस सोडलात तुम्ही!” मी म्हणाले. “तो काय खरं बोलला होता तुमच्याबद्दल? आपण कशाला खरं बोलायचं?”

चाचा सायकलीचं चाक फिरवून त्याचा बाक बघत होते. “बाई, खोट्या आकड्यानं मला मारलं. म्या बी खोट्या आकड्यानंच त्याला मारला, तर त्याच्या आन् माझ्या वहीत फरक काय? मला सूड पायजे. पर खरा पायजे. बनावट नको.”

आणि मग त्यांनी तो खरा सूड शांतपणे घडवायला घेतला. रोज मधल्या सुट्टीत पाणी आणायचं, रोज पाढे म्हणायचे, रोज वर्गाच्या मागच्या भिंतीवरच्या तक्त्यात आकडा मांडायचा. बाटल्या आता ते स्वतः राखेनं घासायचे, जे पाणी भरायचं त्याच पाण्यानं तीनदा विसळायचे. दिवाळीच्या सुट्टीत खंड नाही, मे महिन्यात खंड नाही. ताप आला तर मुलांना घरी बोलवून अंथरुणात बसून थेंब टाकायचे. आप्पा एकदा म्हणाले, “चाचा, येड लागलंय का?” चाचा म्हणाले, “व्हय आप्पा, पर तुमच्यासाठीच लागलंय.”

वर्षभराचा तक्ता भरला तेव्हा ती पाण्याचा प्रश्न विचारणारी मुलगीच, आता पाचवीत गेलेली, भिंतीपुढं उभी राहून म्हणाली, “बाई, हे बघा. आठ दिवसांनी एकदाच पाणी घाण हुतंय.” खरंच होतं. सहा दिवस अठरा, वीस, एकवीस. सातव्या दिवशी चार, पाच. आणि तो सातवा दिवस दर वेळी तळेगाव ढमढेरेच्या बाजाराचा. त्या दिवशी मोठी माणसं भाजी आणि शेरडं घेऊन बाजाराला जायची, गाव ओस पडायचं, आणि कारखाना साठवलेला खड्डा ओढ्यात सोडून द्यायचा. गावात राहायची ती फक्त शाळेतली पोरं. पोरं मोजतील असं कुणाला वाटलंच नव्हतं.

तक्ता उतरवून पुण्याला प्रदूषण मंडळाकडं पाठवला. पाच महिने उत्तर नाही. मग एक तरुण साहेब आले, बाजाराच्याच दिवशी, न कळवता. “पाढ्यांत मोजलेलं पाणी बघायला आलोय,” म्हणाले. त्यांनी स्वतःच्या बाटल्या आणल्या होत्या. ओढ्यावर गेले, भरल्या, लाख लावून बंद केल्या. त्यांचा अहवाल आला आणि कारखान्याला टाळं लागलं. मॅनेजर सामान घेऊन गेला, तेव्हा चाचा रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत बसले.

लोकांना आता साधा हिशेब कळला होता. चाचांना काढून चार वर्षं उलटून गेली तरी ओढ्याचं पाणी घाणच होतं, तर मग ते चाचांनी घाण केलं कसं? हे कळायला इतकी वर्षं का लागली, हे विचारून काही उपयोग नाही.

आप्पा सलोखा करायला दुकानावर आले. “जाऊ द्या चाचा, जुनं कशाला उकरायचं?”

“तुम्हीच पुरलं हुतं, आप्पा. तुम्हीच उकरा.”

आप्पांनी भोंग्यावरून वाचलं. म्हशी मेल्या त्यात चाचांचा दोष नव्हता, गावाची चूक झाली. वाचून खाली उतरले तर चाचा ग्रामपंचायतीच्या पायरीशी उभे. “आवाज बारीक आला. परत वाचा.” आप्पांनी परत वाचलं. “माझं नाव घाईत गिळलं तुम्ही. तवा कसं खणखणीत वाचलं हुतं? तसं वाचा.” आप्पांनी तिसऱ्यांदा वाचलं, बापाच्या नावासकट. मी शाळेच्या दारात उभी राहून तिन्ही वेळा ऐकलं आणि तिन्ही वेळा मला गोड लागलं.

गावानं शाल-श्रीफळाचा बेत केला. चाचा आले नाहीत. “ज्यांनी पायतण उगारलं, त्यांच्या हातची शाल अंगाला चावंल,” असा निरोप आला. महिन्याभरात त्यांनी दुकान आवरलं आणि दौंडला धाकट्या भावाकडं राहायला गेले.

पुढं माझीही बदली झाली. पाच-सहा वर्षांनी दौंडच्या एसटी स्टँडवर चाचा दिसले. दाढी पांढरी झाली होती. आम्ही चहा घेतला, मुलांची चौकशी झाली. मग मी एकदाचं म्हणून टाकलं. “चाचा, ती खोकल्याच्या औषधाची बाटली. ती मी धुतली होती. आणि घाण राहिलीय हे सकाळीच दिसलं होतं मला. मी मुद्दाम तशीच ठेवली.”

“म्हाईत हाय की,” चाचा म्हणाले.

“कधी कळलं?”

“तवाच. दोनावर रंग उडाला तवा पोरं दचकली हुती. तुम्ही न्हवता दचकला.”

“मग ‘म्या धुतली’ असं का म्हणालात?”

“माझं नाव गेलेलंच हुतं. तुमचं बी घालवून मला काय मिळणार हुतं?”

“निदान मला एकटीला तरी बोलायचं!”

चाचांनी कप खाली ठेवला. “बोललो आसतो तर तुम्ही माफी मागितली आसती. मग मला माफ करावं लागलं आसतं. त्यापरीस शिक्षा केली. त्या दिसापास्नं तुमच्या हातची एक बी बाटली म्या घेतली न्हाई. ध्यानात न्हाई आलं?”

नव्हतं आलं. ‘राहू द्या बाई, तुम्ही कशाला हात खराब करता’ असं म्हणून ते वर्षभर बाटल्या माझ्या हातातून काढून घेत होते आणि मला वाटायचं, किती आदर करतात माझा. मला तिथं स्टँडवर रडू आलं आणि रागही आला. मी विचारलं, “मग आता तरी माफ केलंत का?”

“बघू,” ते म्हणाले, आणि पिशवी उचलून गाडीत चढले.

पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. मला उशिरा कळलं. मी दौंडला गेले तेव्हा घरात पाहुणे होते, बाहेर ओट्यावरही माणसं बसली होती. भावानं खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, “तुमची लई आठवण काढायचे. बाई हुशार हुत्या म्हणायचे. त्या पंधरा ऑगस्टचं बी सांगायचे सगळ्यांना. म्हणायचे, जल्मात एकदाच बाटली धुवायला चुकलो, आन् नेमका त्याच दिवशी.”

“ते चुकले नव्हते,” मी म्हणाले. “ती बाटली माझी होती.”

“आसू द्या बाई,” भाऊ म्हणाला. “जुनं झालं आता.”

मी त्याला ओट्यावरच्या सगळ्यांना आत बोलवायला सांगितलं. ती माणसं आत येऊन बसली, आणि मग मी उभी राहिले आणि त्या बाटलीचं पहिल्यापासून, मागच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.